टाकळा म्हणा नाहीतर पवाड

मंडळी, ही कुंडी घेऊन मी आत आलो तेव्हा दोघातिघांनी विचारलं की हे काय, मेथी का? मेथी नाही हो, हा टाकळा, पावसाळ्यात उगवणारी रानभाजी. इथे इंदूरजवळ राळामंडळच्या बाजूला ओळखीच्यांचं शेत आहे, त्यांच्या बांधावरून मुळासकट उपटून आणला. आपल्याकडे हिंदीत याला पवाड म्हणतात, चकवड म्हणतात, विदर्भात तरोटा, छत्तीसगडमध्ये चरोटा, गोव्यात तायकिळो, आणि संस्कृतात चक्रमर्द. नावं एवढी आणि ओळखणारा एक नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझी आजी लग्न होऊन रत्नागिरीहून इंदूरला आली, तिला वाटायचं टाकळा तिकडेच राहिला, मग एकदा पावसाळ्यात सगळे चोरलला गेले होते तर रस्त्याच्या दोन्ही बाजूला हाच, आणि आजी गाडीतून उतरून पदरात खुडायलाच बसली. तिथली एक बाई म्हणाली, "पवाड है बाई, हम भी खाते हैं." झालं, त्या वर्षीपासून आमच्याकडे आषाढात टाकळा व्हायलाच लागला.

भाजी फक्त कोवळ्या पानांची, पहिल्या पावसानंतरच्या दोनतीन आठवड्यांतली. नंतर पान राठ होतं, कडवट होतं. आजी पानं उकळून पाणी पिळून टाकायची, भरपूर कांदा-लसूण, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दोन आमसुलं, वरून खोबरं. गोव्यात यात फणसाच्या आठळ्या घालतात, इथे आठळ्या मिळाल्या तर जरूर घालून बघा, फार सुंदर लागतं. एक मात्र आहे, याने पोट साफ होतं, म्हणून पहिल्या दिवशी वाटीभरच खा.

बिया दिवाळीच्या आसपास तयार होतात, बारीक लांब कोयत्यासारख्या शेंगेत. भाजून दळल्या की कॉफीसारखं काढून पितात, कॅफीन अजिबात नाही. चीनमध्ये याच्या अगदी जवळच्या भावंडाच्या बिया औषधात आहेत, जपानमध्ये त्याच भाजून चहा करतात. आणि बीच्या गाभ्यातून जो डिंकासारखा गम निघतो तो कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाण्यात घट्टपणासाठी घालतात. म्हणजे जे आपण कचरा म्हणून कापतो ते परदेशात विकलं जातं! आपल्याच जबलपूरला तणांवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था आहे, तिथले लोक तर सांगतात की गाजरगवत हटवायचं असेल तर तिथे याच्या बिया फेका, टाकळा दाट वाढून त्याला दाबून टाकतो.

आता जे सांगायलाच मी आज आलोय ते. याच्यासारखाच दिसणारा कासविंदा, तोही पिवळ्या फुलांचा, त्याच बांधावर, त्याच दिवसांत. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी पावसाळ्यानंतर लहान मुलं अचानक बेशुद्ध पडायची, जायची, आणि वर्षानुवर्षं सगळे समजत होते की मेंदूज्वर आहे. बिजनौरचे डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी शोधून काढलं की मुलं खेळताना कासविंद्याच्या शेंगा खात होती, यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर घाव. 2007 मध्ये ते छापून आलं. खेळता खेळता खाल्लेल्या शेंगा, बस.

म्हणून नीट बघा. टाकळ्याला पानांच्या जोड्या सहसा तीनच, टोक गोल, चमच्यासारखं. कासविंद्याला चारपाच जोड्या, पान टोकदार. टाकळ्याची शेंग बारीक आणि वाकडी, कासविंद्याची चपटी. आणि ही बघा कुंडी, मी आलो तेव्हा पानं उघडी होती, आता अंधारायला लागलं तर जोड्या मिटताहेत, पण ओळखायला ही खूण धरू नका, कासविंदाही रात्री मिटतो.

या पिशवीत कासविंद्याची एक फांदी मुद्दाम आणलीय. एकेक करून पुढे या, दोन्ही हातात घ्या, शेंगा शेजारी शेजारी धरून बघा, आणि मग तिथे कोपऱ्यात साबण ठेवलाय, हात धुऊनच चहा घ्या.