तीन वर्षं बारावा गडी

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या कार्यक्रमात फुटबॉल कशाला, असं कार्यकारिणीतल्या दोघांनी विचारलं. पण कोलंबसात राहून शनिवारी दुपारी रस्ते का ओस पडतात, हे नव्याने आलेल्या सुनेलाही पहिल्याच महिन्यात कळतं. मी मात्र आज इथून निघून गेलेल्या मुलाबद्दल बोलणार आहे. जो बरो.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांसाठी थोडक्यात सांगतो. हा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. चेंडू हातात आला की दोन-तीन सेकंदांत तो कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. क्रिकेटमध्ये गोलंदाज पाच-सहा चालतात, विकेटकीपर एकच. इथेही तसंच. दुसरा कितीही चांगला असो, तो बाकावर.

जोचा जन्म १९९६चा, आयोवातल्या एम्सचा. वडील जिम आणि दोघे मोठे भाऊ नेब्रास्का युनिव्हर्सिटीकडून खेळलेले. आजीने तर शाळेत असताना बास्केटबॉलच्या एका सामन्यात ८२ गुण केले होते म्हणे. वडील ओहायो युनिव्हर्सिटीत प्रशिक्षक झाले आणि घर अथेन्सला आलं. इथून गाडीने सव्वा तास. २०१४ साली शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याने ६३ टचडाउन पास दिले, म्हणजे ज्यावर थेट गुण मिळतात असे फेकलेले चेंडू, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले फक्त दोन. आणि राज्याची फायनल? ५६-५२ने हरले. ज्या नेब्रास्काची घरात पूजा व्हायची, त्यांनी याला बोलावलंच नाही.

मग तो इथल्याच युनिव्हर्सिटीत, आपल्या ओहायो स्टेटमध्ये आला, २०१५ला. पहिलं वर्ष मैदानाबाहेर, पुढची दोन दुसऱ्याच्या मागे. तिन्ही वर्षं मिळून खऱ्या सामन्यांत त्याने चेंडू फेकला एकूण ३९ वेळा. सराव रोजचा, मार रोजचा, आणि शनिवारी टोपी घालून कडेला उभं राहायचं. २०१७च्या ऑगस्टमध्ये सरावातच फेकण्याच्या हाताचं हाड मोडलं. दुसऱ्या नंबरची जागा ड्वेन हॅस्किन्सकडे गेली. नोव्हेंबरात मिशिगनविरुद्ध मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला, तेव्हा मैदानात उतरला तो हॅस्किन्स.

'आपल्या लोकांनी हिरा फेकून दिला' असं कुणी म्हणालं की मी वाद घालतो. २०१८मध्ये हॅस्किन्सने ५० टचडाउन पास दिले. निवड चुकलेली नव्हती. जागा एक आणि माणसं दोन, एवढंच.

आता इथल्या आई-बाबांनी कान टवकारावेत. खेळाडूने युनिव्हर्सिटी बदलली की एक वर्ष सामने खेळायचे नाहीत, असा तेव्हा नियम होता. हल्ली तो बराच सैल झालाय. पदवीधराला मात्र तेव्हाही सूट होती. बरोने बाकावर बसल्या बसल्या तीन वर्षांत डिग्री उरकली होती. म्हणून मे २०१८मध्ये तो लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला गेला तो थेट खेळायलाच.

पहिलं वर्ष बेताचंच होतं, १६ टचडाउन पास. पुढच्या वर्षी जो ब्रेडी नावाचा तरुण प्रशिक्षक आला, खेळण्याची पद्धतच बदलली आणि तेच आकडे ६० झाले. ७६.३ टक्के चेंडू अचूक. सेमीफायनलला ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच सात टचडाउन. पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. १३ जानेवारी २०२०ला न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेमसनला ४२-२५ हरवून कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं.

मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधीचा त्याचा शर्ट. लुइझियानातल्या फ्रेंच वळणाच्या आडनावांसारखं त्याने पाठीवर आपलं नाव लिहून घेतलं होतं: बी-यू-आर-आर-ई-ए-यू-एक्स. उच्चार तोच, बरो. आपण आडनावाचं स्पेलिंग इथल्यांना सोपं जावं म्हणून बदलतो, याने अवघड करून घेतलं आणि स्टेडियम खूश!

डिसेंबर २०१९मध्ये हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मतांनी ठरणारा पुरस्कार मिळाला, तोही तोवरच्या सर्वांत मोठ्या फरकाने. व्यासपीठावर सुरुवातीला त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. मग तो अथेन्सबद्दल बोलला. आमच्याकडे गरिबी फार आहे, शाळेतून घरी गेल्यावर मुलांच्या ताटात फारसं काही नसतं, ती मुलंही इथे उभी राहू शकतात, अशा अर्थाचं. जेमतेम मिनिटभर. ते ऐकून गावातल्या एकाने अथेन्स काउंटीच्या अन्नपेढीसाठी हजार डॉलरचं लक्ष्य ठेवून ऑनलाइन वर्गणी सुरू केली. काही दिवसांत पाच लाखांच्या वर जमले.

वर्षभराने सिनसिनाटीच्या बेंगल्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्या क्रमांकाने घेतलं असं मी लिहून आणलं होतं. बायकोने मघाशी दुरुस्त केलं, चारच महिन्यांनी, एप्रिल २०२०मध्ये. पुढचं तुम्ही टीव्हीवर बघताच.

दाराशी चपलांच्या रांगेशेजारी एक मोठं खोकं ठेवलंय. ते पुढच्या शनिवारी अथेन्सच्या अन्नपेढीला पोचवायचं आहे, गाडी माझी. डबाबंद कडधान्यं, तांदूळ, शेंगदाण्याचं बटर चालेल. तारीख बघून टाका. चकल्या टाकू नका, त्या माझ्याकडे द्या.