सरासरी बाईचा डमी यायला 2022 का उजाडलं?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मानेच्या दुखापतीबद्दल आणि सायन्समध्ये करिअर करणाऱ्या बायकांबद्दल. वाटायला दोन वेगळे विषय आहेत, पण ऐका जरा.

गाडी उभी आहे, मागून कुणीतरी ठोकलं आणि मानेला हिसका बसला, याला डॉक्टर व्हिपलॅश म्हणतात, आणि हे दुखणं बायकांच्या वाट्याला पुरुषांपेक्षा जास्त येतं हे डॉक्टरांना कित्येक वर्षं माहितीये. एक कारण असं की शरीर हलकं असलं की सीटची पाठ तितकी मागे दबत नाही, ती उलट बाईला जोरात पुढे ढकलते. आता सीटची टेस्ट घेताना त्यात बसवायचे कुणाला, तर पुरुषाचा डमी, म्हणजे अपघाताच्या टेस्टसाठी बनवलेला माणसासारखा पुतळा, साधारण 175 सेंटीमीटर, 78 किलो. बाईचा म्हणून जो छोटा डमी होता तो जेमतेम 150 सेंटीमीटर आणि 49 किलोचा, म्हणजे मधली, सरासरी बांध्याची बाई कुठे आहे? ती 2022 मध्ये आली, 162 सेंटीमीटर, 62 किलो, आणि तिच्यावर काम करणाऱ्या टीमच्या प्रमुख होत्या स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड लिंडर.

पुरुषांना हे सुचलंच नसतं असं मी म्हणत नाही. पण कुणाच्या दुखण्यावर रिसर्च होणार हे बरंचसं फंड कुणाला मिळतो यावर ठरतं, आणि तिथे काय चालतं ते बघा. त्याच स्वीडनमध्ये क्रिस्टीन वेनेरास आणि अ‍ॅग्नेस वोल्ड या दोन संशोधक बायकांनी मेडिकल रिसर्चच्या फेलोशिपची गुणपत्रकं मागितली, ती मिळवायला कोर्टापर्यंत जावं लागलं, आणि 1997 मध्ये नेचर या सायन्सच्या नियतकालिकात छापून आलं की पुरुषाइतकेच मार्क पडायला बाईचं काम जवळपास अडीच पट लागायचं. अडीच पट हो!

बरं, हे जुनं झालं म्हणावं तर 2019 चा कॅनडाचा रिसर्च-फंडाच्या अर्जांवरचा अभ्यास आहे, लॅन्सेट या मेडिकल नियतकालिकातला. तिथे परीक्षकांनी मुख्यतः प्रस्तावातलं सायन्स तपासलं तेव्हा बायका-पुरुषांच्या यशातला फरक एक टक्क्याच्या आत होता, आणि अर्ज करणारी व्यक्ती कशी आहे हे तपासलं तेव्हा तोच चार टक्क्यांवर गेला. म्हणून माझं फंड देणाऱ्या समित्यांना कळकळीचं सांगणं आहे, आधी प्रश्न वाचा, तो कुणी विचारलाय ते नंतर बघा.