मत द्यायचा हक्क नक्की कुणाला?

स्क्रीनवर बघा, एवढंच लिहिलंय, 'प्लस वन'. म्हणजे माझा होकार. अपाचे ही सगळ्यांना खुली सॉफ्टवेअरं बनवणारी संस्था, तिच्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये हे कुणीही लिहू शकतं, अगदी आज पहिल्यांदा आलेला माणूससुद्धा. पण नवं रिलीज काढायचं तर मोजतात फक्त पीएमसीतल्या, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या कमिटीतल्या लोकांचे प्लस वन. असे निदान ३ लागतात, आणि मायनस वनपेक्षा, म्हणजे नकारांपेक्षा, जास्त. बाकीच्यांचं मत वाचतात, पण मोजत नाहीत.

मग सगळ्यांचंच का नाही मोजत? कारण सोपंय, कोड सगळ्यांना खुला आहे, आणि खाती तर काय, एकटा माणूस बसल्या बसल्या शंभर उघडेल आणि निकाल फिरवून जाईल. म्हणून बहुतेक ठिकाणी नियम एकच, जो राबतो त्याला मत. पण राबणं म्हणजे नक्की काय, यावरून खरी भांडणं होतात.

डेबियन हा लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारा प्रोजेक्ट, १९९३ पासून चालू आहे. तिथे मत मिळवायचं तर आधी डेबियन डेव्हलपर व्हावं लागतं, म्हणजे ओळख तपासणार, आधीचे डेव्हलपर तुमच्या की वर, म्हणजे डिजिटल ओळखीवर, सही करणार, तत्त्वं आणि नियम माहितीयेत का ते विचारणार, केलेलं काम बघणार. ही सगळी वाट मुळात पॅकेज बनवणाऱ्यांसाठी, म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करता येईल असं बांधून देणाऱ्यांसाठी, होती. मग जो वर्षानुवर्षं भाषांतर करतोय, डॉक्युमेंटेशन लिहितोय, त्याचं काय? २०१० मध्ये यावर मतदान झालं आणि पॅकेजिंग न करणाऱ्यांनाही आत घ्यायचं ठरलं. गंमत बघा, मत कुणाला द्यायचं हे ठरवलं ज्यांच्याकडे आधीपासून मत होतं त्यांनीच.

कुबरनेटीस, म्हणजे सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्यांनी थेट आकडाच लावला. स्टीअरिंग कमिटीच्या, म्हणजे प्रोजेक्टची दिशा ठरवणाऱ्या कमिटीच्या, निवडणुकीत मत द्यायचं तर मागच्या वर्षभरात ५० कॉन्ट्रिब्युशन पाहिजेत. आता मोजणी म्हटली की एका ओळीची कमेंटही एक, आणि महिनाभर डोकं फोडून केलेला बदलही एकच. शिवाय मीटिंगा घेणं, नव्या लोकांना शिकवणं, हे त्या मोजणीत दिसतच नाही. त्यासाठी वेगळा फॉर्म ठेवलाय, माझं काम आकड्यात येत नाही पण मी काम करतो, असं सांगायचा. मला विचाराल तर अख्ख्या नियमात सगळ्यात प्रामाणिक हा फॉर्मच आहे.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत तर बरीच वर्षं शेवटचा शब्द एकाच माणसाचा होता, ती बनवणाऱ्या खिदो फान रोसुम यांचा. जुलै २०१८ मध्ये एका नव्या ऑपरेटरवरून, म्हणजे कोडमधल्या चिन्हावरून, इतका वाद झाला की ते बाजूला झाले, वारस न नेमता. मग कोअर डेव्हलपर्सनी, म्हणजे भाषेचा कोड सांभाळणाऱ्या आतल्या टीमने, डिसेंबरमध्ये मतदान करून ५ जणांची कौन्सिल निवडायची पद्धत ठरवली, आणि एकाच कंपनीचे २ पेक्षा जास्त लोक त्यात नकोत असंही. कोअर टीममध्ये नवा माणूस घ्यायचा तर दोन तृतीयांश मतं लागतात.

आणि जे या टीममध्ये येऊन मग गायबच झाले, त्यांचं? २ वर्षं काही ठोस काम दिसलं नाही तर त्यांना विचारलं जाऊ शकतं, आता इनॅक्टिव्ह व्हाल का? काहीच उत्तर आलं नाही, तर नाव गुपचूप इनॅक्टिव्ह लोकांच्या यादीत जातं.