धुण्याआधीची मूठ

श्रोतेहो, जय ख्रिस्त. नव्या वर्षाच्या उपासनेत मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला, देणगीचं वचन देताना हात मोकळा असतो. जूनमध्ये शाळेची फी, बियाणं, आजारपण एकदम दारात येतं आणि तोच हात आखडतो. बायबलमधल्या करिंथ शहरच्या मंडळीचंही असंच झालं. यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी वर्गणी द्यायचं त्यांनी मनापासून ठरवलं, पण वर्ष उलटलं तरी ते काम अर्धवटच राहिलं. प्रेषित पौल त्यांना पत्रात म्हणतो, आरंभ केलात ना, आता शेवटही करा, आणि जवळ आहे त्यातूनच करा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं थोडं बाजूला ठेवा, हे तर त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

हे 'बाजूला ठेवणं' पाहायचं असेल तर मिझोरामच्या स्वयंपाकघरात चला. तिथे १९१० पासून एक रीत चालत आली आहे, 'बुहफाई थाम', म्हणजे मूठभर तांदूळ. चुलीवर भात चढवण्याआधी घरातली बाई एक मूठ काढते आणि वेगळ्या डब्यात टाकते. दर जेवणाला एक मूठ. मंडळीच्या भगिनी घरोघर जाऊन तो तांदूळ गोळा करतात, मंडळी तो विकते आणि पैसा सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश पोचवण्याच्या, कामाला लागतो. पैशाने गरीब असलेल्या डोंगराळ मुलखाने या मुठींवर सेवक पोसले. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड उभा केला, तोही घरोघरच्या मुठीतून, मुलांच्या शिक्षणासाठी.

मूठ धुण्याआधी काढायची, हे नीट ऐका. धुण्याआधी! भिजलेला तांदूळ टिकत नाही, आणि उरलं तर देऊ म्हटलं की काहीच उरत नाही. एक मूठ पस्तीसेक ग्रॅमची धरा. दोन वेळच्या महिन्याला साठ मुठी, म्हणजे दोन किलोंच्या आसपास. एकदम दोन किलो काढायला जीव कचरतो. मुठीने घरातलं कुणी उपाशी राहत नाही.

देवळाला पंखा दिला की पात्यावर नाव रंगवतात, ते मला मुळीच पटत नाही. इथे सगळ्यांच्या मुठी एकाच पोत्यात पडतात.

डबा कोरडा हवा, झाकण घट्ट हवं. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, नाहीतर पावसाळ्यात टोके होतात. हातसडीचा तांदूळ असेल तर पंधरा दिवसांतच पोचता करा. आणि भाकरीच्या घरात मूठ दळणाआधी काढा, ज्वारी-बाजरी धान्यच द्या. बाजरीचं पीठ तर आठवड्यात कडू होतं.