दीड-दोन तास शिजणारा घेवडा

श्रोतेहो,

आजचा विषय एका तोंडीलावण्याचा आहे. तोंडीलावण्यावर तासभर बोलण्यासारखे काय असते, अशी शंका ज्यांना आली असेल त्यांना एवढेच सांगतो की, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, म्हणजे व्हर्जिनियापासून जॉर्जिया-अलाबामापर्यंत आणि टेनेसी-केंटकीच्या डोंगरांत, हे तोंडीलावणे शिजायलाच दीड-दोन तास लागतात. श्रावणघेवड्याच्या हिरव्या शेंगा, मीठ लावून धुरी दिलेले डुकराचे मांस, कांदा, मिरपूड आणि पाणी एवढ्याच सामग्रीवर हा पदार्थ होतो. नॅशव्हिलमधल्या साध्या खाणावळींत तो रोज असतो. तिथे एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या असे ताट मिळते, त्याला 'मीट अँड थ्री' म्हणतात. त्या भाज्यांच्या यादीत चीज घातलेली मॅकरोनीसुद्धा भाजी म्हणून बिनदिक्कत बसलेली असते, पण तो वेगळा विषय झाला.

ताटात येणाऱ्या या शेंगांचा रंग शेवाळी असतो, चमचा लावताच त्या दबतात आणि त्यांच्याखाली तपकिरी रस असतो. अटलांटा, शार्लट, रॅली या शहरांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी हे ताट पाहिले की पहिला शेरा ठरलेला असतो, 'पार गाळ केलाय.' हा शेरा देण्यात आपण एकटे नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडचे आणि पश्चिम किनाऱ्यावरचे लोकही तेच म्हणत आले आहेत. माझे म्हणणे असे आहे की हा शेरा चुकीच्या मापाने दिलेला आहे. शेंग हिरवीगार आणि दाताखाली कुरकुरीत हवी, हे माप युरोप-अमेरिकेच्या उपाहारगृहांत 1970च्या दशकात नव्या फ्रेंच पाकशैलीबरोबर प्रतिष्ठित झाले. त्याआधीच्या पिढ्या ज्या शेंगा शिजवत होत्या त्या या मापात बसणाऱ्याच नव्हत्या.

म्हणून आधी शेंगेकडे पाहू. श्रावणघेवडा, फरसबी आणि राजमा ही एकाच वनस्पतीची रूपे आहेत आणि ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली आहे. मेक्सिकोच्या परिसरात आणि अँडीज पर्वतात तिची लागवड स्वतंत्रपणे सुरू झाली. साताऱ्याकडचा, भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडा हाही याच कुळातला, समुद्रामार्गे आपल्याकडे आलेला. चेरोकी आणि इतर मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावत असत. मक्याच्या ताटावर वेल चढे आणि भोपळ्याची पाने जमीन झाकून ठेवत. या शेतीतला घेवडा कोवळाच तोडून खाण्यापुरता नव्हता. शेंगेत दाणे पूर्ण भरले, तरी साल अजून मऊ आहे, अशा अवस्थेत तो काढला जाई. दाणा आणि साल दोन्ही एकत्र शिजायचे, म्हणजे वेळ लागणार हे उघड आहे.

जुन्या जातींना दोन्ही बाजूंनी जाड शिरा असत. न्यूयॉर्क राज्यातील कॅल्विन कीनी यांनी बिनशिरेची जात तयार केली आणि ती 1894मध्ये बियाण्यांच्या बाजारात आली. त्याने शिरा काढण्याचे काम वाचले. खरा बदल मात्र त्यानंतरचा आहे. विसाव्या शतकात शेंगा यंत्राने तोडल्या जाऊ लागल्या तशी झुडपासारखी वाढणारी, एकदम तोडणीला येणारी आणि यंत्राचा मार सोसणारी शेंग हवी झाली. केंटकीतील बेरिया येथे जुन्या घेवड्यांचे बियाणे आयुष्यभर जमवलेले बिल बेस्ट यांचा आक्षेप नेमका इथे होता. यंत्रासाठी घडवलेली ही शेंग चामट झाली, तिच्यात दाणा भरू दिला तर ती खाण्याजोगी राहत नाही, म्हणून ती कोवळीच विकावी लागते आणि मग लोकांना घेवडा म्हणजे पोकळ हिरवी नळीच वाटू लागते, असे ते सांगत. डोंगराळ भागात आजही 'व्हाइट हाफ रनर' किंवा 'ग्रीझी बीन' या जाती आवडीने लावल्या जातात. दुसरीच्या सालीवर लव नसते, त्यामुळे ती तेल चोळल्यासारखी चकाकते, म्हणून हे नाव. या शेंगा निवडण्याचे काम ओसरीवर बसून चालते. टोक मोडायचे, त्याबरोबर शीर खाली ओढत न्यायची, शेंग उलटी करून दुसऱ्या टोकाने तेच करायचे आणि मग तिचे बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे हाताने मोडायचे. सुरी लागत नाही. ताजी शेंग मोडताना आवाज येतो आणि आवाज आला नाही तर ती शिळी आहे, हे कळते. एखादी शेंग फारच जून निघाली तर साल टाकून नुसते दाणे भांड्यात घेतात.

हंगामात खाऊन उरलेल्या शेंगा सुईदोऱ्यात ओवून चुलीजवळ किंवा ओसरीवर टांगून वाळवल्या जात. वाळल्या की त्या आक्रसून चामड्यासारख्या होतात, म्हणून त्यांना 'लेदर ब्रिचेस', म्हणजे चामडी विजारी, असे थट्टेचे नाव पडले. हिवाळ्यात त्या रात्रभर भिजवून खारवलेल्या मांसाबरोबर कित्येक तास शिजवतात. त्यांची चव ताज्या शेंगेची राहत नाही, ती अधिक खोल आणि किंचित मांसल होते.

आता मांसाकडे येतो. दक्षिणेत डुक्कर थंडी पडल्यावर मारत, कारण उष्ण हवेत मांस टिकवता येत नसे. मीठ चोळून, बऱ्याचदा धुरी देऊन ते पुढचे कित्येक महिने पुरवायचे असे. घेवडा मात्र उन्हाळ्यातला. म्हणजे शेंगा येतात तेव्हा घरात मांस थोडेच उरलेले असते आणि तेही जास्त करून हाडाचे, कातड्याचे, चरबीचे. पायाच्या सांध्याचा धुरावलेला तुकडा, म्हणजे 'हॅम हॉक', किंवा पाठीवरची खारवलेली चरबी, पोटभर खाण्याच्या लायकीची नसते, पण ती एका मोठ्या भांड्याला चव देते. गुलामगिरीच्या काळात शिधा म्हणून मक्याचे पीठ आणि खारवलेले डुकराचे मांस दिले जाई आणि त्याला गुलामांनी स्वतःच्या परसातल्या भाज्यांची जोड दिली. मालकाच्या मुदपाकखान्यातही बहुधा आफ्रिकी वंशाच्या स्त्रियाच रांधत होत्या. पालेभाजी किंवा शेंगा थोड्याशा धुरावलेल्या मांसाबरोबर तासन्‌तास ठेवण्याची रीत त्यांच्या हातांनी पक्की झाली. आज हा पदार्थ गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या, दोघांच्याही रविवारच्या जेवणात असतो, पण त्यामागे कोणाचे श्रम होते हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

कृती अशी आहे. साधारण एक किलो शेंगांना तीन-चारशे ग्रॅमचा एक हॅम हॉक पुरतो. तो दोन लिटर पाण्यात, एक चिरलेला कांदा आणि थोडी मिरपूड घालून आधी एकटाच तास-सव्वा तास मंद आचेवर ठेवावा. सांध्याभोवतीच्या कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे जिलेटिन व्हायला वेळ लागतो आणि रसाला जो हलका चिकट भरीवपणा येतो तो या जिलेटिनचाच असतो. शेंगा आणि हॉक एकदम टाकले तर शेंगा होऊन जातात आणि मांस हाडाला घट्ट राहते. मग रसाची चव घ्यावी. हॉक किती खारट आहे हे आधी कळत नाही, त्यामुळे या टप्प्यापर्यंत मीठ घालू नये. नंतर मोडलेल्या शेंगा घालाव्यात, पाणी त्यांच्या जेमतेम वर राहील एवढेच असावे, आणि आच अशी ठेवावी की पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल. खदखदून उकळले तर शेंगांची साले सुटतात. झाकण थोडे सरकवून ठेवावे. बाजारातल्या कोवळ्या शेंगांना तासभर पुरतो, भरलेल्या दाण्याच्या हाफ रनरला दोन तास लागू शकतात. पुष्कळ घरांत शेवटच्या अर्ध्या तासात लहान नवे बटाटे सालीसकट वर ठेवतात, ते रसाच्या वाफेवर होतात आणि तळाला बुडलेला भाग रस शोषतो. चिमूटभर साखर घालावी की नाही यावर घराघरांत वाद आहे. शेंगा ताज्या असतील तर तिची गरज नाही, असे माझे मत आहे.

शेवटी हॉक बाहेर काढून त्याचे मांस बोटांनी सोडवावे, कातडे आणि हाड बाजूला करावे, आणि मांसाचे धागे भांड्यात परत घालावेत. शेंग झाली की नाही ते पाहण्यासाठी ती काट्याच्या पाठीने दाबावी. ती आकार धरून राहिली पाहिजे, पण दाबताच विरघळल्यासारखी पसरली पाहिजे. विस्कटून पाण्यात मिसळली तर खरोखरच गाळ झाला, आणि तेव्हा आपल्या मंडळींचा शेरा योग्य ठरेल.

या दीड-दोन तासांत आत काय चालते ते थोडक्यात सांगतो. शेंगेच्या पेशींना जोडणारे पेक्टिन उष्णतेने हळूहळू सुटते. आम्लात ते सुटायला उशीर लागतो, म्हणून टोमॅटो किंवा व्हिनेगर सुरुवातीला घालू नये. व्हिनेगरात मुरवलेल्या मिरच्यांची बाटली दक्षिणेत टेबलावर असते, भांड्याजवळ नसते, त्याचा फायदा हाच. गोव्यातल्या फेजोआदा या घेवड्याच्या दाण्यांच्या कालवणात शोरिसातला, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजमधला, व्हिनेगर असतो, तिथेही दाणे आधी वेगळे मऊ शिजवून घेतात ते याचमुळे. रंगाचे गणितही आम्लाचेच. शिजताना भाजीतली स्वतःची आम्ले बाहेर पडतात, हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि हिरव्याचा शेवाळी होतो. खाण्याचा सोडा टाकून हिरवा रंग टिकवता येतो, पण सोड्याने शेंग बुळबुळीत होते आणि थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. सोडा घालणारी घरे आहेत, मी त्यांच्या बाजूचा नाही. एवढ्या वेळात क जीवनसत्त्वही बरेच जाते, हे मान्य केले पाहिजे. पोटॅशियमसारखे क्षार मात्र पाण्यात उतरतात, आणि ते पाणी ओतून दिले नाही तर वाया जात नाहीत.

आणि ते ओतून देणे हा तिथे जवळजवळ गुन्हा आहे. भाजीखालच्या या रसाला 'पॉट लिकर' म्हणतात आणि तो मक्याच्या ब्रेडबरोबर खातात. 1931मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि अटलांटाचे 'कॉन्स्टिट्यूशन' हे वृत्तपत्र यांच्यात मक्याची भाकरी या रसात बुडवावी की कुस्करावी यावरून कित्येक दिवस जाहीर वाद रंगला. लाँग बुडवणाऱ्यांचे होते, वृत्तपत्र कुस्करणाऱ्यांचे. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीही त्यात आपला कौल टाकला. देश मंदीत होरपळत असताना हे चालले होते, म्हणून त्याला नुसता पोरखेळ म्हणून सोडून देता येत नाही. तो वाद मुख्यतः पालेभाजीच्या रसाबद्दल होता, तरी घेवड्याच्या रसालाही तो तेवढाच लागू पडतो. आपल्यातले भाकरी कुस्करून कालवणारे कोणत्या बाजूला जातील हे सांगायला नको.

आपल्यातले अनेक जण डुकराचे मांस खात नाहीत, त्यांच्यासाठी दोन शब्द. धुरावलेल्या टर्कीची मान किंवा पंख हा पर्याय काळ्या अमेरिकनांच्या कित्येक घरांत आणि खाणावळींत रूढ झाला आहे, काहींनी तो धर्मामुळे आणि काहींनी रक्तदाबामुळे स्वीकारला. दक्षिण-पूर्व अमेरिकेत पक्षाघाताचे प्रमाण देशात अधिक आहे, त्यामुळे मिठाची काळजी अनाठायी नाही. टर्कीत चरबी कमी असते, म्हणून चमचा-दोन चमचे तेल वा लोणी घालावे लागते. शाकाहारी करायचे तर भरपूर कांदा तेलात तपकिरी होईपर्यंत परतावा, धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड आणि वाळवलेले मशरूम घालावेत. पदार्थ चांगला होतो. रसाला जिलेटिनचा भरीवपणा मात्र येत नाही, आणि तो आला असे म्हणणे खोटे ठरेल. ग्रीस आणि लेबनॉनमध्ये घेवडा ऑलिव्ह तेलात टोमॅटोबरोबर असाच लांब शिजवतात. शाकाहारी माणसाने दक्षिणेची नक्कल करण्यापेक्षा तोच रस्ता धरावा, असे मला वाटते.

प्रेशर कुकरबद्दल प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. हॉक कुकरमध्ये शिजवायला माझी हरकत नाही, पाऊण तासात तो होतो. शेंगा मात्र उघड्या भांड्यातच ठेवाव्यात, कारण कुकरमध्ये पाणी आटत नाही आणि शेंग मऊ झाली तरी तिच्यात आणि रसात देवाणघेवाण व्हायला वेळ मिळत नाही. डब्यातल्या शेंगा वापरणाऱ्या गृहिणी दक्षिणेत पुष्कळ आहेत. त्या डब्यातले पाणी काढून टाकतात आणि बेकनच्या चरबीत परतलेल्या कांद्यावर त्या शेंगा तासभर ठेवतात, म्हणजे शिजलेल्याच शेंगा पुन्हा शिजवतात. ज्यांना घरी शेंगा बरणीत भरून ठेवायच्या असतील त्यांनी त्या साध्या उकळत्या पाण्यात बरणी बुडवून अजिबात टिकवू नयेत. शेंगांत आम्ल कमी असते आणि त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. दाबाखाली, अर्ध्या लिटरच्या बरणीला वीस आणि लिटरच्या बरणीला पंचवीस मिनिटे, असे अमेरिकेच्या कृषी खात्याचे मार्गदर्शन आहे.

उरलेले भांडे थंड झाल्यावर रसासकट फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी वर चरबीचा पांढरा थर बसतो, तो हवा तर काढता येतो. बटाटे घातलेले असतील तर ते भांडे गोठवू नये, बटाटा वितळताना पाणचट होतो. नुसत्या शेंगा रसात बुडवून गोठवल्या तर उत्तम टिकतात आणि पुन्हा मंद आचेवर तापवल्या की पहिल्या दिवसापेक्षा मुरलेल्या लागतात.