पाणीपुरीवाल्याचा बल्ब

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या नागपूरच्या शाळेत भिंतीवर एक मोठा स्मार्ट बोर्ड आहे. आला तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले, आणि पुढचं वर्षभर त्याच्या कोपऱ्याला शिपाईकाकांची छत्री टांगलेली असायची. मी विज्ञान शिकवतो. शनिवारच्या शेवटच्या दोन तासिकांना आठवी-नववीच्या मुलांना फोटोग्राफी शिकवायची टूम मीच काढली, तेव्हा ती छत्री काढली. शाळेत कॅमेरा एकही नाही. मुलांनी घरच्या मोबाइलवर फोटो काढायचा, शनिवारी आणायचा आणि तो बोर्डावर सगळ्यांनी मिळून बघायचा, एवढाच आमचा वर्ग.

आता एक गोष्ट सांगतो ती कान देऊन ऐका, घरी मुलं असतील तर उपयोगी पडेल. मोबाइल फोटो काढतो तेव्हा चित्रासोबत थोडी नोंदही त्याच फाइलमध्ये ठेवतो. किती वाजता काढला, शटर म्हणजे उजेड आत सोडणारं कॅमेऱ्याचं दार किती वेळ उघडं होतं, आयएसओ म्हणजे प्रकाशाला सेन्सरने किती दाद दिली, हे सगळं. या नोंदीला एक्झिफ म्हणतात. जपानमध्ये १९९५ साली ठरलेली पद्धत आहे. कॉम्प्युटरवर फाइलला राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, त्यात डिटेल्स बघा, सगळी कुंडली समोर. पण व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवलात की ही नोंद गळून जाते, आणि चित्रही दाबून लहान होतं. म्हणून मुलांना सांगितलंय, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पुन्हा सांगतो, डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर पेनड्राइव्हवर आणा.

तर डिसेंबरातली गोष्ट. गृहपाठ दिला होता, सूर्योदय.

(तसं सूर्योदयाच्या फोटोंवर माझा फारसा विश्वास नाही. माझे एक मेव्हणे धरमपेठेत राहतात, आठाच्या आत उठत नाहीत, पण त्यांचा शुभ सकाळवाला उगवता सूर्य रोज साडेपाचला माझ्या फोनवर हजर. त्यातले निम्मे सूर्य मावळतीचे असावेत असा माझा जुना संशय आहे. असो.)

शनिवारी पंधरा-वीस फोटो आले. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि मागे लाल आभाळ, मेट्रोचा खांब आणि मागे लाल आभाळ. मग एका मुलाचा फोटो लागला. नाव सांगत नाही, तो ऐकत असेल. फुटाळा तलाव, पाण्यावर सोन्याचा पट्टा, त्यात एक काळी होडी. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

मग नेहमीप्रमाणे डिटेल्स उघडले. शटर सेकंदाचा पाचशेवा भाग, आयएसओ ५०. आणि वेळ, १७:२२. संध्याकाळचे पाच बावीस.

वर्ग शांत. मुलगा म्हणाला, "सर, आईचा फोन आहे. घड्याळ चुकलंय त्याचं."

आता मी काय म्हणणार? घड्याळ चुकू शकतं, हे खरंच आहे. यंत्राने लिहिलं म्हणून ते खरं, असं मी विज्ञानाचा मास्तर असून म्हणू का? मी म्हटलं, ठीक आहे, आकडा बाजूला ठेवा. फोटोच बघा, तो काय सांगतो ते.

बोर्डाचा खरा उपयोग तिथे कळला. फोटो बोटांनी ताणत नेला, भिंतभर केला. कोपऱ्यात किनाऱ्यावर एक ठिपका होता, तो ताणला तर गाडी दिसली. गाडीवर काचेची पेटी, पेटीत पुऱ्यांचा ढीग, वर पेटलेला बल्ब. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, सकाळी सहाला पाणीपुरी कोण खाते?"

मुलगा म्हणाला, "खातात काही लोक."

"कोण बे?"

"माहे मामा."

वर्ग हसून लोळला. पण पोट्टे सोडतात होय? दुसरा उभा राहिला, फुटाळ्याच्या बाजूलाच राहतो तो. म्हणाला, "सर, आम्ही रोज जातो तिकडे. चौपाटीवर उभं राहिलं की सूर्य पाण्याकडे बुडतो. उगवताना पाठीमागे असतो. याच्या फोटोत पाण्यावर कसा काय आला?"

घड्याळ झालं, पाणीपुरी झाली, आता दिशाही विरोधात गेली. मुलाने खाली मान घालून सांगितलं, "मले कोणी उठवलंच नाही सर."

मी रागावलो नाही. त्या अर्ध्या तासात पोरांनी एका फोटोकडे जितकं निरखून पाहिलं, तितकं मी तीन महिन्यांत पाहायला लावू शकलो नव्हतो. आधी फोटो बघायचा, मग आकडा बघायचा, आणि दोघांचं जुळतं का ते बघायचं. आमच्या वर्गाचा अभ्यासक्रम त्या दिवशी ठरला. पुन्हा सांगतो, आधी फोटो, मग आकडा.

बाकी शिकवण्याचं थोडक्यात सांगतो, वेळ कमी आहे. बहुतेक मोबाइलमध्ये उजेड आत येतो त्या छिद्राचा आकार बदलता येत नाही, त्यामुळे उजेड कमी झाला की फोनच्या हातात दोनच गोष्टी उरतात, शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं किंवा आयएसओ वाढवायचा. शटर लांबलं की हललेलं पुसट येतं, आयएसओ वाढला की चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. आपल्याकडे दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं, माणसाच्या डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. त्याला दारात, सावलीच्या काठावर उभं करा, जमलं तर समोरून कुणाला तरी पांढरी चादर धरायला लावा. बोर्ड बघताना खिडक्या झाका, आम्ही निळी ताडपत्री लावतो. आणि पालकांनो, त्या नोंदीत जागेचा पत्ताही असू शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, मगच मुलांच्या हातात फोन द्या. आमच्या एका विद्यार्थिनीच्या फोटोवरून भर वर्गात तिच्या घराचा नकाशा उघडला, तेव्हा माझ्याच कपाळाला घाम फुटला. तो दोष माझा, मी आधी तपासायला हवं होतं.

हां, त्या मुलाचं राहिलं.

पुढच्या शनिवारी तो आला, पेनड्राइव्ह घेऊन. म्हणाला, "सर, सूर्योदय नाही जमला, पण सकाळ आहे." मी फोटो लावला. त्याचे वडील पेपर टाकतात. पहाटे बर्डीवर फुटपाथवर गठ्ठे उतरतात, तिथे रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून पेपरात पुरवण्या घालतात, मग सायकलवरून घरोघर टाकतात. फोटोत गठ्ठे स्वच्छ दिसत होते, सुतळीची गाठसुद्धा मोजून घ्या. स्वेटर, मफलर, मफलरची सुटलेली लोकर, सगळं जागच्या जागी. आणि वडिलांच्या हातांच्या जागी नुसता फिकट धूर. बोटं नाहीतच, हाताने हात पुसून टाकल्यासारखे.

मुलं म्हणाली, हलला सर, फोटो हलला.

मी म्हटलं, गाठ बघा. गाठ हललीय का?

नव्हती हलली. मग कुणीतरी स्वतःच म्हणालं, डिटेल्स उघडा सर. वेळ पहाटे पाच दहा, म्हणजे सूर्य उगवायच्या दीड तास आधी. आयएसओ १६००. शटर सेकंदाचा दहावा भाग. फुटाळ्यावर पाचशेवा होता, इथे दहावा, म्हणजे पन्नासपट वेळ. तेवढ्या वेळात गठ्ठा गठ्ठ्याच्या जागी राहिला, वडिलांचे हात मात्र पुरवणी घालता घालता पुढे सरकले होते. शटर स्पीडचा धडा मी दोनदा फळ्यावर शिकवला होता, तो तेव्हा डोक्यात शिरला.

मी विचारलं, तुझा हात कसा नाही थरथरला इतक्या थंडीत?

"सायकलच्या सीटवर टेकवला होता सर, मोबाइल."

आणि बाबांनी बघितला का फोटो?

"हाव. म्हणाले, हात हलला तुहा. मी म्हटलं, माहा नाही बाबा, तुमचा हलला."

नमस्कार.