सहस्रधारा

इंदूरच्या नळाला येणारं पाणी विंध्य चढून येतं. जलूदला ते नर्मदेतून उपसतात आणि साडेपाचशे मीटर उंचीच्या माळवा पठारावर आणतात. नर्मदा स्वतः वाहते ती खाली निमाडात, विंध्य आणि सातपुड्यामधल्या खचदरीतून. जमीन खचून झालेली ही दरी पश्चिमेला उतरते. म्हणून अमरकंटकहून निघालेली नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहून खंबातच्या आखातात पोचते. लोककथेला हे कारण पुरत नाही. ती सांगते, शोणभद्र नदाशी ठरलेलं लग्न दासी जुहिलेपायी मोडलं आणि नर्मदेने जी पाठ फिरवली ती कायमची. शोण गंगेकडे गेला, ही पश्चिमेला. कुमारीच राहिली.

खरगोन जिल्ह्यातलं महेश्वर इंदूरकरांना पाठच. अहिल्यादेवींचा वाडा, घाट, एखादी साडी, की संध्याकाळी परत घरी. जलकोटीपर्यंत जायचा मात्र आपण कंटाळा करतो, आणि खरं पाहण्यासारखं तिथेच आहे. पात्रात काळा कातळ उघडा पडलाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एका नर्मदेच्या असंख्य धारा त्याच्या भेगांतून उसळत धावतात.

हीच पुराणातल्या राजा सहस्रार्जुनाची सहस्रधारा. महेश्वर म्हणजे त्याची माहिष्मती, असं मानतात. ओंकारेश्वरचं मांधाता बेटही तोच मान सांगतं. रामायणाच्या उत्तरकांडात रावण नर्मदाकाठी वाळूत शिवलिंग मांडून पूजेला बसलाय. अचानक पाणी उलटं, पूर्वेकडे चढू लागतं आणि वाहिलेली फुलं घेऊन जातं. चौकशीला धाडलेले शुक-सारण सांगत येतात: खाली एक राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतोय, हजार हातांनी नदी अडवून! कैलास हलवणारा रावण मग लढायला गेला आणि बांधला गेला. आजोबा पुलस्त्य मध्ये पडले, तेव्हा कुठे सुटला.

पुढे सहस्रार्जुनाने जमदग्नींची धेनू पळवली आणि परशुरामाने ते हात तोडले. बदला म्हणून सहस्रार्जुनाच्या मुलांनी जमदग्नींना मारलं. त्या जमदग्नींची पत्नी रेणुका. माहूरची रेणुका कुलदेवता असलेली इंदूरची मराठी घरंही महेश्वरात राजराजेश्वराच्या देवळात जातात, सहस्रार्जुनाच्या या स्थानी अखंड तेवणाऱ्या ११ नंदादीपांपुढे हात जोडतात. जुनं वैर तिथे कुणी काढत नाही.